‘केस’ (१९६९) : पुनर्संचयित डिस्क कोणती घ्यावी आणि कोणत्या आवाजात दाखवावी?

बालाघाट (अंबाजोगाई) :

नमस्कार. केन लोच यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘केस’ या १९६९ सालच्या ब्रिटिश चित्रपटाच्या घरगुती आवृत्तीविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. आम्ही दहा-बारा शिक्षक महिन्यातून एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, शाळेच्याच सभागृहात एखादा चित्रपट एकत्र पाहतो आणि नंतर त्यावर बोलत बसतो. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गावातून निघतात आणि वर्गातील बाके रिकामी होऊ लागतात, त्या दिवसांत हा चित्रपट दाखवावा असे गेल्या दोन वर्षांपासून माझ्या मनात आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायरमधले बार्न्सली हे त्या काळी कोळशाच्या खाणींचे गाव होते. तेथील बिली कॅस्पर हा पंधरा वर्षांचा मुलगा. वडील घर सोडून गेलेले, ‘जड’ नावाचा थोरला भाऊ खाणीत कामाला, घरात दोघा भावांना झोपायला एकच पलंग. शाळेत मार खाणे आणि घरी बोलणी खाणे हाच या मुलाचा दिवसक्रम आहे. तो एका जुन्या भिंतीतील घरट्यातून केस्ट्रेल जातीच्या ससाण्याचे पिल्लू आणतो, पुस्तक चोरून वाचून त्याला शिकवतो आणि उडवतो. ‘केस’ हे त्या पक्ष्याचे नाव. शाळा काही आठवड्यांत संपणार आहे आणि पुढे खाणीशिवाय दुसरे काही दिसत नाही, पण खाणीत उतरायचे नाही एवढे मात्र बिलीने पक्के ठरवलेले आहे. चित्रपटाचा शेवट मी येथे सांगत नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका रसास्वाद शिबिरात मी हा चित्रपट पाहिला, तेव्हा प्रत इतकी झिजलेली होती की आकाशात उडणारा पक्षी आणि फितीवरचा ओरखडा यांत फरक करणे कठीण जात होते. तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण पडद्यावरच्या त्या शाळेत मला माझीच शाळा दिसत होती. आता पुनर्संचयित आवृत्ती उपलब्ध असल्याचे कळले आहे. पण माझ्या काही शंका आहेत. तिच्यात आवाजाचे दोन पर्याय असतात असे म्हणतात, तर त्यांतला कोणता निवडावा? आपल्याकडच्या यंत्रावर ती डिस्क चालेल का? मागे एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेली एक परदेशी डिस्क आमच्या यंत्राने वाचलीच नव्हती आणि सर्वांनी मिळून काढलेली वर्गणी वाया गेली होती, म्हणून हे आधीच विचारून घेतो आहे. आणि मनातली मोठी शंका अशी की, मुळातच खरखरीत, धुरकट वाटणारा हा चित्रपट स्वच्छ आणि चकचकीत केल्याने त्याचे काही हरवले तर नसेल?

गोदाकाठ (नांदेड) :

तुमची शेवटची शंका आधी घेतो, कारण ती अनेकांच्या मनात असते. ‘केस’ खरखरीत आहे, हा समज बहुधा वाईट प्रतींमुळे झालेला आहे. त्याचे छायाचित्रण ख्रिस मेंजेस यांचे आहे आणि ते अतिशय संयमी आहे. लोच यांच्या आधीच्या कामांत कॅमेरा खांद्यावर घेऊन पात्रांच्या मागे धावत असे. येथे मात्र तो दूर एका जागी थांबतो, लांब पल्ल्याच्या भिंगातून पाहतो आणि शक्य तेथे खिडकीतून आलेल्या उजेडावरच भागवतो. त्या काळातील चेक चित्रपटांचा हा प्रभाव होता. मेंजेस यांनी मिरोस्लाव ओंद्रिचेक या चेक छायाचित्रकाराच्या हाताखाली इंग्लंडमध्ये काम केलेले होते आणि तेथे शिकलेली रीत त्यांनी बार्न्सलीत आणली. नवखी मुले कॅमेऱ्याला बुजू नयेत, त्यांना वागायला मोकळी जागा मिळावी, हा त्यामागचा विचार होता. बिलीची भूमिका करणारा डेव्हिड ब्रॅडली हा बार्न्सलीच्याच शाळेतला विद्यार्थी होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अंतराचे मोल कळते.

म्हणून पुनर्संचयन म्हणजे रंगसफेदी असे समजू नये. चांगल्या कामात मूळ फितीवरून नव्याने प्रतिमा उतरवली जाते, धूळ, ओरखडे आणि चित्राची थरथर काढली जाते, आणि फितीचा स्वतःचा कण मात्र शाबूत ठेवला जातो. जुन्या चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने २०११ साली काढलेल्या आवृत्तीतील चित्र खुद्द लोच आणि मेंजेस यांच्या देखरेखीखाली तयार होऊन त्यांनी मान्य केलेले आहे. तिच्यात गवताचा हिरवा रंग ओलसर आणि दबलेला दिसतो, आकाश राखाडी दिसते, आणि बिली पक्ष्याला दोरीवरून बोलावतो त्या माळावरच्या प्रसंगात पंखांची हालचाल वेगळी मोजता येते. तुम्हाला वीस वर्षांपूर्वी जे दिसले नाही ते हेच.

आता आवाजाविषयी. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या मते या डिस्कचे खरे महत्त्व येथे आहे. बार्न्सलीची माणसे प्रमाण इंग्रजी बोलत नाहीत. प्रमाण इंग्रजीने शेकडो वर्षांपूर्वी टाकून दिलेला ‘तू’ तिथल्या बोलीत तेव्हाही जिवंत होता. ते समोरच्याला ‘यू’ न म्हणता ‘दा’ आणि ‘दी’ म्हणतात. ‘काही नाही’ याला ‘नाउट’, ‘काहीतरी’ याला ‘सम्मट’. नामाआधीचे ‘द’ तर इतके आखडते की जिभेवर नुसती एक ठेच उरते. चित्रपट परदेशी पाठवायची वेळ आली तेव्हा ही बोली अमेरिकी प्रेक्षकांना कळणार नाही अशी भीती वाटली आणि काही संवाद सौम्य उच्चारांत नव्याने बोलून घेऊन दुसरा ध्वनिपट तयार करण्यात आला. डिस्कवरचे दोन पर्याय म्हणजे हेच : एक मूळ आवाज आणि एक परदेशासाठी नंतर भरलेला आवाज. अनेक देशांत वर्षानुवर्षे हा दुसराच आवाज ऐकला गेला. तुम्ही शिबिरात कोणता ऐकला होता हे आठवून पाहा.

आपल्या भागात वाढलेल्या माणसाला यातले दुखणे समजावून सांगावे लागू नये. घरी ‘काय करायलास’ म्हणणारा मुलगा शाळेच्या दारात पाऊल टाकताच ‘काय करतो आहेस’ म्हणायला शिकतो, आणि जो शिकत नाही त्याला वर्ग हसतो. स्वतः शिक्षकही, जे त्याच तालुक्यातले असतात, ‘कामून’ ऐकले की ‘का म्हणून असे म्हण’ असे सांगतात. बिलीची सगळी हुशारी त्याच्या बोलीत आहे. इंग्रजीचे शिक्षक फार्दिंग त्याला वर्गासमोर उभे करून ससाण्याविषयी बोलायला लावतात, तेव्हा तो आधी अडखळतो आणि मग पायातल्या चामडी पट्ट्या कशा बांधायच्या, मांस दाखवून पक्ष्याला हातमोज्यावर कसे बोलवायचे, हे अशा ओघात सांगतो की मागच्या बाकावरची मुलेही गप्प होतात. हा प्रसंग त्याच्या स्वतःच्या भाषेत ऐकायला मिळणे आणि दुरुस्त केलेल्या उच्चारांत ऐकायला मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या आवाजात एक चुणचुणीत मुलगा माहिती सांगतो. पहिल्यात मात्र, ज्याला आजवर कोणी बोलूच दिले नव्हते असा मुलगा बोलतो. मुकुंदराजांच्या गावात तुम्ही हा चित्रपट दाखवणार आहात. लोकांच्या भाषेत मोठे काही सांगता येते, हे तेथे आठशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले आहे. तेव्हा मूळ आवाजच ठेवा, इंग्रजी उपशीर्षके चालू करा आणि आठ-दहा शब्दांचा अर्थ एका कागदावर छापून आधी वाटा.

खाम (छत्रपती संभाजीनगर) :

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. यंत्राचा प्रश्न राहिला आहे, तो मी घेतो.

ब्लू-रे डिस्कसाठी जग तीन विभागांत वाटलेले आहे. अमेरिका ‘अ’ (A) विभागात, ब्रिटन आणि युरोप ‘ब’ (B) विभागात, तर भारत ‘क’ (C) विभागात येतो. क्रायटेरियनची ब्लू-रे ‘अ’ विभागापुरती बंदिस्त आहे आणि ब्रिटनमध्ये निघालेली ‘ब’ विभागाची. म्हणजे भारतात विकत घेतलेल्या साध्या ब्लू-रे यंत्रावर या दोन्ही चालणार नाहीत. तुमची मागची डिस्क बहुधा याच कारणाने चालली नसावी, तिच्यात दोष होता असे नाही. सर्व विभागांच्या डिस्क वाचणारे यंत्र मिळते, पण एका चित्रपटासाठी शिक्षकांच्या वर्गणीतून तो खर्च करावा असे मी सुचवणार नाही.

त्याऐवजी हा मार्ग पाहा. क्रायटेरियनने हीच आवृत्ती डीव्हीडीवरही काढलेली आहे. डीव्हीडीचे विभाग आणखी वेगळे आहेत, त्यांत अमेरिका १, ब्रिटन २ आणि भारत ५. परंतु आपल्याकडच्या घराघरांतली बरीच डीव्हीडी यंत्रे कोणताही विभाग आणि अमेरिकी पद्धतीचे चित्रसंकेतही वाचतात. तुमच्या यंत्रावर एखादी अमेरिकी डिस्क कोणाकडून तरी आणून आधी चालवून पाहा. चालली, तर निर्धास्तपणे डीव्हीडी मागवा. शाळांना मिळालेल्या बहुतेक प्रोजेक्टरांची क्षमता पाहता ब्लू-रेचा तपशील पडद्यावर पूर्णपणे उमटणारही नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे आणि तिचा संबंध थेट आवाजाशी आहे. स्वस्त मिळते म्हणून ब्रिटिश डीव्हीडी घेऊ नका. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, पण ब्रिटन-युरोपातील डीव्हीडी पद्धत २५ चौकटींची असल्यामुळे तेथे चित्रपट साधारण चार टक्के वेगाने पळवला जातो. पावणेदोन तासांपेक्षा थोडा अधिक लांबीचा हा चित्रपट त्यात चार-पाच मिनिटांनी आखडतो, आणि वेगळी दुरुस्ती केलेली नसेल तर प्रत्येकाचा आवाज किंचित बारीक होतो. एखाद्या मारधाडीच्या चित्रपटात हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. येथे मात्र माणसांचे बोलणे हाच गाभा आहे आणि पंधरा वर्षांच्या मुलाचा नुकताच फुटू लागलेला आवाज त्याच्या खऱ्या पट्टीत ऐकू येणे आवश्यक आहे. अमेरिकी डीव्हीडीत ही अडचण येत नाही.

बाकी किरकोळ. चित्राच्या दोन्ही बाजूंना बारीक काळ्या पट्ट्या दिसतील. चित्रपटाच्या चौकटीची रुंदी उंचीच्या १.६६ पट आहे आणि आपला पडदा त्याहून रुंद, म्हणून तसे दिसते. चित्र ताणून त्या घालवू नका, कोणी रिमोट हातात घेऊन तसा आग्रह धरला तरी ऐकू नका. प्रोजेक्टरवरील ‘व्हिव्हिड’ रंग आणि चित्र गुळगुळीत करणाऱ्या सर्व सोयी बंद ठेवा. आवाज एकमार्गी (मोनो) आहे, त्यामुळे सभागृहाच्या चारही कोपऱ्यांत कर्णे लावण्यापेक्षा पडद्याखाली एकच चांगला स्पीकर ठेवलेला बरा. याच डिस्कवर लोच यांचे १९६६ सालचे ‘कॅथी कम होम’ हे बेघर कुटुंबावरील दूरचित्रवाणी नाट्यही आहे. ते वेगळ्या शनिवारी अवश्य पाहा.

बालाघाट (अंबाजोगाई) :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मला शिबिरातला आवाज आठवतो आहे, आणि तो मला सहज समजला होता हेही आठवते. याचा अर्थ मी आजवर मूळ चित्रपट ऐकलेलाच नाही. आमच्या एका सहकाऱ्याने एक आक्षेप घेतला आहे, तो येथे मांडतो. बोली ऐकवायची आणि खाली प्रमाण इंग्रजीतील उपशीर्षके वाचायला लावायची, यात आमच्या ज्या शिक्षकांना इंग्रजीची सवय नाही त्यांच्या हाती काय लागणार? त्यापेक्षा कोणीतरी बाजूला उभे राहून मराठीत सांगत जावे, असे त्यांचे म्हणणे आहे. शिवाय डिस्क घरगुती वापराची असते, ती सभागृहात दाखवणे नियमात बसते का, हाही प्रश्न मुख्याध्यापकांनी विचारला आहे.

पूर्णेकाठ (परभणी) :

नियमाचे आधी सांगते. घरगुती डिस्क सार्वजनिक ठिकाणी दाखवायची असेल तर हक्कधारकाची परवानगी लागते, तिकीट लावलेले नसले तरीही. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी सवलत आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक हे संस्थेतील कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि उपक्रमाशी संबंधित व्यक्ती एवढेच असले, तर तो हक्कभंग ठरत नाही. त्यामुळे बाहेरच्यांना खुले आमंत्रण देणारा फलक लावू नका आणि शाळेच्या नोंदवहीत हा उपक्रम म्हणून लिहून ठेवा. इतर शाळांतील शिक्षक येणार असतील तर मुख्याध्यापकांशी आधी नीट बोलून घ्या.

बाजूला उभे राहून सांगण्याची कल्पना मात्र कृपया सोडून द्या. मी एकदा तसे केले आहे आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. चित्रपटात जेथे शांतता होती, तेथे माझा आवाज होता. त्यापेक्षा निम्म्याहून अधिक कथा आधीच मराठीत सांगून टाका. आपल्याकडे हरिदासाने सांगितलेली कथा लोकांना आधीपासून माहीत असतेच, तरी रस कमी होत नाही. गोदाकाठ यांनी सुचवलेल्या शब्दांच्या कागदालाही माझा थोडा विरोध आहे. हातात कागद असला की माणसे मान खाली घालून त्यातच शोधत बसतात. ‘नाउट’ आणि ‘सम्मट’ हे दोन शब्द फळ्यावर लिहून ठेवा, तेवढे पुरे.

त्याऐवजी शाळेची पार्श्वभूमी सांगण्यासाठी दहा मिनिटे द्या, कारण ती कळली नाही तर बिली केवळ आळशी आणि उनाड वाटेल. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी एक परीक्षा घेऊन मुलांची वाटणी केली जाई. जी उत्तीर्ण होत ती ग्रामर स्कूलमध्ये आणि बाकीची बहुतेक सेकंडरी मॉडर्न शाळेत जात. या दुसऱ्या प्रकारच्या शाळेतून पंधराव्या वर्षी बाहेर पडले की बार्न्सलीसारख्या गावात मुलांसाठी खाण आणि मुलींसाठी कारखाना. मूळ कादंबरीचे लेखक बॅरी हाइन्स हे खाणकामगाराचे पुत्र होते आणि स्वतः शाळेत व्यायामशिक्षक होते, त्यामुळे त्यांनी रंगवलेली शाळा आतून पाहिलेली आहे. फुटबॉलच्या सामन्यात स्वतःला बॉबी चार्ल्टन समजून मुलांना ढकलणारे सगडन सर ज्यांनी साकारले ते ब्रायन ग्लोव्हर हेही प्रत्यक्षात शिक्षक होते, आणि फार्दिंग सरांची भूमिका करणारे कॉलिन वेलंड हे माजी शिक्षक. ससाण्यांना बॅरी यांचे धाकटे बंधू रिचर्ड यांनी शिकवून तयार केले होते.

छडीच्या प्रसंगात सभागृहात चुळबुळ होईल, तिला घाबरू नका. मुख्याध्यापकांच्या खोलीत धूम्रपान करणाऱ्या मुलांच्या रांगेत एक लहानगा नुसता निरोप घेऊन आलेला असतो आणि तोही मार खातो. त्याचा चेहरा मी विसरू शकलेले नाही. ब्रिटनच्या सरकारी शाळांतून छडी १९८७ मध्ये गेली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी किती जणांचा हात त्याआधी उठलेला होता, हे प्रत्येकाला मनात आठवेल. माझा उठलेला होता.

आणखी एक सुचवते. ज्यांना पूर्ण चित्रपट झेपणार नाही अशा आठवीच्या मुलांना मी फक्त वर्गातला तो ससाण्याचा प्रसंग दाखवला होता. भाषा त्यांना जवळजवळ कळली नाही. प्रसंग संपल्यावर मी एवढेच विचारले की, तुमच्यापैकी कोणाला असे काही येते का, जे मला येत नाही? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आई-वडिलांबरोबर दोन हंगाम कारखान्याच्या पट्ट्यात जाऊन आलेला एक मुलगा उभा राहिला आणि उसाची मोळी वाढ्यांनीच कशी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना पाय कसा टाकायचा, हे हात करून दाखवत सांगू लागला. तो वर्षभरात माझ्या तासाला सलग दोन वाक्ये बोललेला नव्हता. त्या दिवशी पंधरा मिनिटे बोलला, आणि मी त्याचा एकही शब्द दुरुस्त केला नाही.

बिलीचा केस्ट्रेल हा आपल्याकडचा खरूची. हिवाळ्यात तो पाहुणा म्हणून येतो आणि माळावर वाऱ्याकडे तोंड करून पंख फडफडवत एकाच जागी तरंगताना दिसतो. तुमच्या बालाघाटाच्या माळांवर नोव्हेंबरात तो सापडेल. चित्रपटाच्या आधीच्या रविवारी चार शिक्षकांना घेऊन पाहून या.

बालाघाट (अंबाजोगाई) :

आमच्या प्रयोगशाळेतील जुन्या डीव्हीडी यंत्रावर एका मित्राकडून आणलेली अमेरिकी डिस्क काल चालवून पाहिली. चित्र आणि आवाज दोन्ही व्यवस्थित आले, त्यामुळे क्रायटेरियनची डीव्हीडी मागवतो आहे. टपाल आणि सीमाशुल्क धरून वर्गणी पुरेल असे दिसते. मूळ आवाज, इंग्रजी उपशीर्षके, आधी मराठीत कथा आणि फळ्यावर दोन शब्द, असे आता नक्की केले आहे. मुख्याध्यापकांनी उपक्रमाच्या नोंदवहीत तारीख लिहून दिली आहे आणि आपणही बसणार असल्याचे सांगितले आहे. ज्या मुलांचे आई-वडील तोडीला गेले आहेत आणि जी मागे हंगामी वसतिगृहात राहिली आहेत, त्यांना ससाण्याचा तो एक प्रसंग दुसऱ्या दिवशी वेगळा दाखवणार आहे, आणि पूर्णेकाठ यांनी विचारलेला तोच प्रश्न त्यांना विचारणार आहे.